गोळी पेशीत गेल्यावर

स्तनाच्या कर्करोगावरील हार्मोनच्या गोळ्यांविषयी नागपूर आणि परिसरातून आलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतले आहेत. उत्तरे कर्करोगतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट आणि औषधशास्त्राचे जाणकार यांनी मिळून दिली आहेत. औषध सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे हा निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा.

प्रश्न : माझ्या वहिनीचे (वय ४४) गाठीचे ऑपरेशन झाले, किमो झाली. आता टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅमची एक गोळी रोज, तीही पाच वर्षे. किमो एवढी जबर, ती काही महिन्यांत आटोपली. मग ही एवढीशी गोळी पाच वर्षे कशाला? ती नेमके करते तरी काय? — एक वाचक, महाल

उत्तर : किमोची औषधे विभागणाऱ्या पेशी मारतात. टॅमॉक्सिफेन बहुतेक पेशी मारत नाही, त्यांना विभागू देत नाही. गोळी पोटात जात असेल तोवर हा अटकाव राहतो, म्हणून मुदत लांब.

स्तनाच्या कर्करोगांपैकी जगभरात सुमारे ७० टक्के कर्करोगांच्या पेशींत इस्ट्रोजेन रिसेप्टर हे प्रथिन सापडते. भारतात हे प्रमाण थोडे कमी आहे. ५९५ अमिनो आम्लांची ही साखळी पेशीच्या केंद्रकात असते. रक्तातले इस्ट्राडायोल हे मुख्य इस्ट्रोजेन मेदात विरघळणारे आणि आकाराने लहान. त्यामुळे ते पेशीचे आवरण सहज ओलांडते आणि या प्रथिनाच्या पोटातल्या खोबणीत जाऊन बसते. खोबणीच्या तोंडाशी साखळीचा एक पिळदार तुकडा असतो, शास्त्रज्ञ त्याला हेलिक्स-१२ म्हणतात. इस्ट्राडायोल आत बसले की डब्याला झाकण लागावे तसा हा तुकडा खोबणीवर बसतो. झाकण नीट लागले की प्रथिनाच्या बाहेरच्या अंगाला एक उथळ घळ तयार होते आणि तिथे मदतनीस प्रथिने येऊन चिकटतात. असे दोन रिसेप्टर जोडीने डीएनएवरच्या ठरावीक जागी बसतात. मदतनीस प्रथिने तिथला गुंडाळलेला डीएनए सैल करतात आणि सायक्लिन डी-१, मिक अशी जनुके वाचली जाऊ लागतात. विभाजनाच्या तयारीत थांबलेल्या पेशीला पुढे जायला हीच जनुके लावतात.

टॅमॉक्सिफेन त्याच खोबणीत शिरते. पण त्याच्या रेणूला एका बाजूने लांब साखळी आहे. ती आत मावत नाही, बाहेर निघून राहते आणि झाकण लागू देत नाही. एवढ्यावर भागत नाही. मोकळे राहिलेले हेलिक्स-१२ सरकते आणि नेमके त्या घळीतच जाऊन पडते, जिथे मदतनीस प्रथिने बसणार होती. टॅमॉक्सिफेनमुळे रिसेप्टर डीएनएपर्यंत पोचतच नाही असे बरेचदा लिहिले जाते, ते बरोबर नाही. रिसेप्टर पोचतो, बसतोही. फक्त सोबत मदतनिसांऐवजी डीएनए आवळून ठेवणारी प्रथिने आणतो. जनुके बंद राहतात आणि पेशी विभाजनाआधीच्या टप्प्यावर अडकून पडते.

गिळलेली गोळी जशीच्या तशी हे काम फारशी करत नाही, हेही लक्षात ठेवावे. यकृतात आधी सीवायपी-३ए४ आणि मग सीवायपी-२डी६ हे एन्झाइम तिचे एंडॉक्सिफेनमध्ये रूपांतर करतात. एंडॉक्सिफेनची रिसेप्टरवरची पकड मूळ टॅमॉक्सिफेनच्या शंभरपटीच्या घरात आहे. रक्तातली पातळी स्थिर व्हायला चार आठवडे लागतात, यकृतात बनणाऱ्या पदार्थांना त्याहून जास्त. म्हणून पहिल्या पंधरवड्यात 'काहीच जाणवत नाही' याचा अर्थ गोळी लागू पडत नाही, असा घेऊ नये. खरे तर ती लागू पडते आहे की नाही हे जाणवण्यासारखे काही नसतेच. गाठ ऑपरेशनमध्ये गेली आहे. जे रोखायचे ते डोळ्यांना न दिसणारे आहे.

आकडे सांगायचे तर, अनेक चाचण्यांची माहिती एकत्र करून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, रिसेप्टर असलेल्या रुग्णांत पाच वर्षांच्या टॅमॉक्सिफेनने पहिल्या पाच वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्मे झाले आणि पंधरा वर्षांत या आजाराने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. गोळी थांबल्यावरही काही वर्षे फायदा चालू राहतो. काखेतल्या गाठींत आजार होता अशा स्त्रियांना दहा वर्षेही देतात. त्याला आधार २०१३ मध्ये आलेल्या 'अ‍ॅटलास' चाचणीचा.

वहिनींच्या वयाला आणखी एक सांगणे गरजेचे आहे. टॅमॉक्सिफेनचा रेणू १९६२ मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी तयार केला, तेव्हा शोध गर्भनिरोधक गोळीचा चालला होता. उंदीर-घुशींच्या जातीत तो गर्भ रोखायचा; स्त्रियांत मात्र उलट, बीज बाहेर पडायला मदत करू लागला. तेव्हा पाळी आली नाही म्हणून गर्भ राहणार नाही असे धरून चालू नका. या गोळीने बाळाला व्यंग होऊ शकते. कंडोम किंवा हार्मोन नसलेली तांबी, गोळ्या चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावरही नऊ महिने. गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोनची तांबी वापरायची नाही.

प्रश्न : आमच्याकडे बायोप्सीत ईआर ८ पैकी ७ आला होता. चंद्रपूरला ऑपरेशन झाले, तुकडा नागपूरला तपासला, त्यात 'ईआर निगेटिव्ह'. कोणता रिपोर्ट खरा? — एक वाचक, मानेवाडा

उत्तर : ईआर म्हणजे पहिल्या उत्तरातला इस्ट्रोजेन रिसेप्टर. तुकड्याचा पातळ काप काचेवर ठेवून रंग देतात, रिसेप्टर असलेल्या पेशी रंगतात. आधी ८ चा हिशेब. याला ऑलरेड स्कोअर म्हणतात. किती पेशी रंगल्या त्याचे ० ते ५ आणि रंग किती गडद त्याचे ० ते ३, बेरीज जास्तीत जास्त ८. एक टक्का पेशी रंगल्या तरी अहवाल पॉझिटिव्ह धरतात. १ ते १० टक्के असेल तर 'लो पॉझिटिव्ह' लिहितात आणि तिथे गोळीचा फायदा किती याची खात्री कमी असते.

तुमच्या बाबतीत पहिला संशय फॉर्मॅलिनवर, म्हणजे तुकडा टिकवण्याच्या द्रावणावर घ्यावा. सुईने काढलेला बारीक तुकडा मिनिटांत फॉर्मॅलिनमध्ये पडतो आणि आतपर्यंत भिजतो. अख्खा स्तन मात्र बरणीत तसाच टाकला तर फॉर्मॅलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत सरकते. मधल्या गाठीपर्यंत पोचेतो तिथले रिसेप्टर प्रथिन खराब झालेले असते. मग रंग येत नाही आणि खोटा 'निगेटिव्ह' निघतो. चंद्रपूरहून तुकडा गाडीने यायचा असेल तर तिथेच, ऑपरेशननंतर तासाभराच्या आत, तो गाठीपर्यंत चिरून, तुकड्याच्या दहापट १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये बुडवायला हवा. बुडवून ठेवण्याची मुदत किमान ६, जास्तीत जास्त ७२ तास. बरणीवर काढल्याची आणि बुडवल्याची वेळ लिहिलेली असावी. ती लिहिलेली क्वचितच दिसते.

पॅथॉलॉजिस्टना दोन गोष्टी विचारा. त्याच काचेवर आजूबाजूच्या निरोगी दुग्धनलिकांच्या पेशी रंगल्या आहेत का? त्याही कोऱ्या असतील तर निगेटिव्ह मानता येत नाही, तपासणीच फसली आहे. दुसरे, पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) किती आला? पीआरचे जनुक इस्ट्रोजेन रिसेप्टरच सुरू करतो. तेव्हा ईआर शून्य आणि पीआर भरपूर असा अहवाल आला की ईआरची तपासणी पुन्हा करून घ्यावी. बायोप्सीचा तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ब्लॉक मागवून दोन्ही एकाच प्रयोगशाळेत शेजारी शेजारी तपासता येतात. ब्लॉक जपून ठेवा, काचा नव्हे. काचा पुन्हा बनवता येतात. बायोप्सी नीट झालेली असेल आणि तिच्यात ७ असेल, तर केवळ दुसऱ्या अहवालावर विसंबून हार्मोनचा उपचार सोडून देणे चूक ठरेल.

प्रश्न : टॅमॉक्सिफेनवर असताना संत्री चालतात का? सोयाबीन आणि जवसाच्या चटणीत 'इस्ट्रोजेन' असते म्हणून घरात ती बंद केली आहे. शतावरीचे काय? — एक वाचक, काटोल

उत्तर : काटोलला राहून संत्री सोडायचे काही कारण नाही. इशारा आहे तो ग्रेपफ्रूटबद्दल, आणि त्याच कुळातल्या पपनसाबद्दल. त्यांच्यातली फ्युरॅनोकुमरिन ही द्रव्ये आतड्यातले सीवायपी-३ए४ एन्झाइम बंद पाडतात. नागपुरी संत्र्यात ती अडचण नाही.

सोयाबीन आणि जवसातली वनस्पतिजन्य द्रव्ये रिसेप्टरला चिकटतात हे खरे, पण पकड इस्ट्राडायोलच्या मानाने फार कमजोर. जेवणातली सोयाबीनची वडी, जवसाची चटणी चालेल. आयसोफ्लॅव्होनच्या कॅप्सूल नकोत, कारण एका कॅप्सूलमध्ये ताटातल्यापेक्षा कितीतरी जास्त अर्क असतो. शतावरी, अश्वगंधा यांची चूर्णे-अर्कही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. हळद भाजीत घाला. मिरीच्या अर्कासह मिळणाऱ्या कर्क्युमिनच्या कॅप्सूलने एंडॉक्सिफेनची पातळी खाली आल्याचे मोजले गेले आहे.

खाण्याची एवढी काळजी घेणारी घरे इतर औषधांबाबत मात्र बेफिकीर असतात, आणि खरा घोळ तिथे होतो. सीवायपी-२डी६ बंद पाडणारी औषधे घेतली तर टॅमॉक्सिफेनचे एंडॉक्सिफेन नीट होत नाही; गोळी रोज पोटात जाते आणि काम अर्धवट होते. पॅरॉक्सेटीन, फ्लुऑक्सेटीन आणि ब्युप्रोपिऑन ही नैराश्यावरची औषधे यातली. उन्हाळ्यात विदर्भात घरोघरी होणाऱ्या गजकर्णावरच्या टर्बिनाफिनच्या गोळ्याही यातल्याच. टर्बिनाफिनचे मलम लावायला हरकत नाही, ते रक्तात फारसे उतरत नाही. नैराश्याची गोळी लागतच असेल तर व्हेन्लाफॅक्सिन किंवा एस्सिटालोप्रामकडे वळवतात. व्हेन्लाफॅक्सिनने अंगातून निघणाऱ्या वाफाही कमी होतात. चालू गोळी मात्र एकाएकी तोडू नका.

क्षयाच्या उपचारातले रिफाम्पिसिन उलट दिशेने घात करते. ते यकृताचे एन्झाइम इतके वाढवते की रक्तातले टॅमॉक्सिफेन ८६ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. क्षयाचे औषध सुरू होणार असेल तर त्या डॉक्टरांना कर्करोगाच्या गोळीचे नाव लिहून दाखवा. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर टॅमॉक्सिफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. हे दोन्ही एकत्र शक्यतो टाळतात.

प्रश्न : माझी पाळी किमोत बंद झाली. वय ४६. शेजारच्या काकूंना लेट्रोझोल आहे आणि ते जास्त चांगले म्हणतात. शिवाय टॅमॉक्सिफेनवर असताना रक्ततपासणीत माझे इस्ट्राडायोल वाढलेले निघाले. गोळी बदलून घेऊ का? — एक वाचक, धरमपेठ

उत्तर : आधी रक्ततपासणीची भीती काढून टाका. बीजकोश चालू असलेल्या स्त्रीत टॅमॉक्सिफेनने इस्ट्राडायोल वाढते. ते रक्तात किती आहे याला महत्त्व कमी, रिसेप्टरच्या खोबणीत कोण बसले आहे याला जास्त.

लेट्रोझोल (२.५ मिग्रॅ), अ‍ॅनास्ट्रोझोल (१ मिग्रॅ) आणि एक्झेमेस्टेन (२५ मिग्रॅ, जेवणानंतर) या गोळ्या रिसेप्टरला हात लावत नाहीत. पाळी गेल्यावर शरीरातले इस्ट्रोजेन चरबी, स्नायू अशा ठिकाणी अ‍ॅरोमाटेज या एन्झाइमकडून बनते. या गोळ्या ते एन्झाइम बंद करतात. काकूंना म्हणूनच ती योग्य. तुमचे बीजकोश झोपले असतील, संपलेले नसतील. अशा वेळी नुसते लेट्रोझोल घेतले की इस्ट्रोजेन थोडे घटते, मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीला ते कळते, ती बीजकोशाला चालना देणारे एफएसएच हे हार्मोन वाढवते आणि बीजकोश पुन्हा कामाला लागतात. मूल हवे असलेल्या जोडप्यांना लेट्रोझोल देतात ते याच परिणामासाठी! चाळिशीतल्या बाईला कर्करोगावर ते एकटे देणे म्हणजे विस्तवात तेल.

किमोत गेलेली पाळी वर्ष-दोन वर्षांनीही परत येते, आणि टॅमॉक्सिफेन चालू असताना एफएसएचच्या आकड्यावरून रजोनिवृत्ती ठरवता येत नाही. आजाराचा धोका जास्त असेल तर बीजकोश शांत करणारे गोसेरेलिन ३.६ मिग्रॅ दर २८ दिवसांनी पोटाच्या कातडीखाली आणि त्याच्या जोडीला अ‍ॅरोमाटेज रोखणारी गोळी, असा पर्याय असतो. तो डॉक्टरांशी बोलून ठरवा. तसे ठरले तर दर २८ दिवसांची तारीख चुकवू नका.

प्रश्न : लेट्रोझोल सुरू झाल्यापासून सकाळी बोटे आखडतात, गुडघे धरतात. बंद करू का? — एक वाचक, कामठी

उत्तर : इस्ट्रोजेन अगदी तळाला गेल्याचा हा परिणाम आहे. सांध्याची झीज नव्हे. रोज चालणे आणि आठवड्यातून दोनदा वजनाचे व्यायाम याने फरक पडतो. नाही पडला तर डॉक्टर दोन-तीन आठवडे थांबवून त्याच गटातली दुसरी गोळी देतात, आणि बऱ्याच जणींना ती सोसते. स्वतःहून सोडू नका. हाडांची डेक्सा तपासणी सुरुवातीलाच करून घ्या, पुढे दर एक-दोन वर्षांनी. हाडांसाठी झोलेड्रॉनिक आम्लाची सलाइन ठरली असेल तर आधी दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन या. दात काढायचे राहिले असतील ते तिच्याआधी काढून घ्यावेत, नंतर जबड्याचे हाड भरत नाही असे घडू शकते.

प्रश्न : मागच्या पाकिटावर 'टॅमॉक्सिफेन २० मिग्रॅ' होते, या वेळी मेडिकल चौकातून आणलेल्या पाकिटावर 'टॅमॉक्सिफेन सायट्रेट' आहे. दुसरेच औषध दिले का? आणि एखादा दिवस चुकला तर? — एक वाचक, हनुमाननगर

उत्तर : औषध तेच. गोळीत टॅमॉक्सिफेन सायट्रेट क्षाराच्या रूपात असते, ३०.४ मिग्रॅ क्षार म्हणजे २० मिग्रॅ टॅमॉक्सिफेन. पाकिटावर 'इक्विव्हॅलंट टू टॅमॉक्सिफेन २०' असे बारीक अक्षरात असते, ते पाहा. १० मिग्रॅच्या गोळ्यांची पट्टी आली असेल तर दोन गोळ्या घ्याव्या लागतील, खरी चूक तिथे होते.

चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्या, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. टॅमॉक्सिफेन निम्मे उतरायला पाच ते सात दिवस लागतात, त्यामुळे एका दिवसाने काही बिघडत नाही. महिना-महिना खाडे पडले तर बिघडते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना गोळ्या गाडीच्या डिक्कीत आणि खिडकीत ठेवू नका. पट्टीतून सोडवून डबीत भरूनही ठेवू नका.

प्रश्न : आईला (वय ५८) टॅमॉक्सिफेन चालू आहे. गर्भाशयाचे अस्तर जाड म्हणून सोनोग्राफीत आले. तिला काहीच त्रास नाही. गर्भाशय काढावे लागेल का? — एक वाचक, इतवारी

उत्तर : स्तनात आणि गर्भाशयात रिसेप्टर तोच, पण पेशीतली मदतनीस प्रथिने वेगळ्या प्रमाणात असतात. गर्भाशयाच्या अस्तरात ती मुबलक असल्याने तिथे टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेनसारखे वागते. हाडांतही तसेच, आणि रजोनिवृत्तीनंतर त्याचा हाडांना उपयोगच होतो. अस्तर जाड दिसणे या गोळीवर इतके नेहमीचे आहे की त्रास नसताना दरवर्षी सोनोग्राफी करून फायद्यापेक्षा नको त्या बायोप्स्या जास्त होतात. आमच्या मते ती करूच नये.

रक्तस्राव झाला तर मात्र, अगदी एक डाग पडला तरी, आठवड्याच्या आत स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका खरा आहे: अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रतिबंधक चाचणीत तो वर्षाला हजारी सुमारे एकवरून सुमारे दोनवर गेला, आणि वाढ मुख्यतः पन्नाशीपुढच्या स्त्रियांत दिसली. रक्तात गुठळी होण्याचा धोकाही असतो. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली किंवा अचानक दम लागला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. कुठलेही मोठे ऑपरेशन ठरले की भूल देणाऱ्यांना या गोळीचे नाव सांगा.

प्रश्न : मावशीला चार वर्षे लेट्रोझोल होते, आता हाडांत पसरले. डॉक्टर फुलवेस्ट्रंटची दोन इंजेक्शने आणि पाल्बोसायक्लिबच्या कॅप्सूल देणार आहेत. गोळी लागू का पडेनाशी झाली? इंजेक्शन दोन का? — एक वाचक, वाडी

उत्तर : बाहेरून इस्ट्रोजेन मिळेनासे झाले की काही पेशींच्या रिसेप्टर-जनुकातच बदल होतो. ५३७ किंवा ५३८ क्रमांकाचे अमिनो आम्ल बदलते आणि पहिल्या उत्तरातले हेलिक्स-१२ इस्ट्रोजेनविनाच बंद स्थितीत टिकते. रिसेप्टर कायमचा चालू. मग लेट्रोझोलने इस्ट्रोजेन कितीही कमी केले तरी उपयोग नाही. अर्थात प्रत्येक वेळी हेच कारण नसते. पेशी इतर मार्गांनीही विभाजन चालू करून घेतात. बदल आहे का ते रक्तातल्या डीएनएवरून तपासता येते.

फुलवेस्ट्रंट रिसेप्टरला असे बिघडवते की पेशी तो मोडीत काढते. खोबणी अडवण्याच्या पुढची ही पायरी. पाल्बोसायक्लिब त्याच्या खालची कडी धरते: सायक्लिन डी-१ ज्यांच्या जोडीने काम करते ती सीडीके-४ आणि ६ ही एन्झाइमे बंद करते.

फुलवेस्ट्रंटची मात्रा ५०० मिग्रॅ आहे. एका सिरिंजमध्ये २५० मिग्रॅ, ५ मिली. एरंडेल तेलात असल्याने दाट. एवढे द्रव एका जागी जिरत नाही, म्हणून दोन्ही कुल्ल्यांत एकेक, वरच्या बाहेरच्या भागात, प्रत्येकी एक ते दोन मिनिटे सावकाश. घाईने टोचले की गाठ होते. जागा चुकली तर मांडीमागच्या मोठ्या नसेला इजा होते. पहिला, पंधरावा आणि एकोणतिसावा दिवस, मग महिन्यातून एकदा. पंधराव्या दिवसाचे इंजेक्शन टाळू नका, रक्तात पातळी लवकर चढावी म्हणून ते असते. दुकानातून रुग्णालयात नेताना २ ते ८ अंशांत, बर्फाच्या पिशवीच्या डब्यात न्या, पण बर्फाला थेट टेकवू नका. टोचण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

पाल्बोसायक्लिब साधारणपणे १२५ मिग्रॅ रोज जेवणासोबत, २१ दिवस घेऊन ७ दिवस बंद. पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला आणि पहिल्या दोन फेऱ्यांत पंधराव्या दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. ताप १००.४ अंश फॅरेनहाइटवर गेला तर घरी क्रोसिन देऊन वाट पाहू नका. ग्रेपफ्रूट आणि पपनस इथेही वर्ज्य.

आणि फुलवेस्ट्रंट चालू असताना कुणी इस्ट्राडायोल तपासायला सांगितले तर प्रयोगशाळेला औषधाचे नाव कळवा. दोघांचे रेणू इतके सारखे आहेत की नेहमीच्या इम्युनोअसे पद्धतीत हे औषधच इस्ट्राडायोल म्हणून मोजले जाते आणि आकडा खोटा वर दाखवतो. अशा वेळी मास स्पेक्ट्रोमेट्रीने तपासून घ्यावे.